गवत कापण्याचें यंत्र उचलतांना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. ज्या शहरांत तुळशीच्या कुंडीला गॅलरींत कशीबशी जागा सांपडते, तेथें बसून चालवावयाच्या गवत कापण्याच्या यंत्राची आणि तें उचलण्याच्या साधनांची चर्चा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, जांवई आज अमेरिकेंत घरें करून आहेत. आणि तेथें शहराबाहेरच्या वस्तींत घर घेतलें, कीं त्याबरोबर अर्ध्या-एक एकराची हिरवळही गळ्यांत पडते. ती वाढूं दिली तर शेजारी नाक मुरडतात, आणि कित्येक गांवीं नगरपालिकेची नोटीसही येते. त्यामुळें येथें ज्यानें कधीं विळा हातीं धरला नाहीं, असा गृहस्थ तेथें शनिवारीं एका बुटक्या ट्रॅक्टरवर बसून गवत कापीत फिरतांना दिसतो. या यंत्राला तिकडे रायडिंग मॉवर म्हणतात.

माझ्या धाकट्या मुलाकडे ओहायो संस्थानांत मीं दोन उन्हाळे काढले. एका दुपारीं गॅरेजमध्यें गेलों, तों चिरंजीव जमिनीवर उताणे पडलेले, हात खांद्यापर्यंत यंत्राखालीं, आणि तें सव्वादोनशें किलोंचें धूड मोटारीच्या जॅकवर व दोन पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांवर तोललेलें. मी म्हटलें, “अरे, आधीं बाहेर ये.” तो म्हणाला, “अण्णा, दोन मिनिटांचें काम आहे. एकच बोल्ट राहिला आहे.” शाळामास्तराचा आवाज पेन्शनीबरोबर जात नाहीं, तो चढविल्यावर मुलगा बाहेर आला. संध्याकाळीं यंत्र खालीं उतरवून पाहिलें, तर एका ठोकळ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली होती. ती आधींचीच होती कीं त्या दिवशीं पडली, हें आम्हां दोघांनाही आजतागायत सांगतां येत नाहीं.

त्यानंतर उरलेला उन्हाळा मीं निरनिराळ्या यंत्रांचीं माहितीपत्रकें वाचण्यांत घालविला. माझें शास्त्राचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु या विषयाला तरफ, गुरुत्वमध्य आणि पास्कलचा नियम यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं, असें मला दिसून आलें.

मुळांत हें यंत्र उचलावें तरी कां लागतें? गवत कापण्याचें पहिलें यंत्र १८३० सालीं इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथें एडविन बडिंग यानें केलें. तें हातानें ढकलावयाचें असून त्याचीं पातीं उघड्यावर फिरत. आजच्या रायडिंग मॉवरचीं पातीं मात्र यंत्राच्या पोटाखालीं, उलट्या परातीसारख्या एका पोलादी झांकणांत फिरतात. या झांकणाला डेक म्हणतात. ओलें गवत त्याच्या आंतल्या बाजूस चिकटून राहिलें म्हणजे पत्रा गंजतो. आणि साधारणपणें दर २५ तासांच्या कामानंतर पात्यांना धार लावावी, असें बहुतेक कारखानदार सांगतात. बोथट पातें गवत कापीत नाहीं, तें फाडतें. मग दोन दिवसांनीं हिरवळीचे शेंडे पिंगट दिसूं लागतात. म्हणजे हंगामांत एकदां दोनदां तरी या यंत्राच्या पोटाखालीं हात घालणें भागच आहे.

येथें एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. बहुतेक ट्रॅक्टरवजा यंत्रांचा डेक कांहीं खिळी व पट्टा काढून एका बाजूनें ओढून घेतां येतो; कांहींच्या डेकला पाण्याची नळी जोडून आंतून धुण्याची सोयही असते. ज्याला हें जमतें त्यानें लिफ्टच्या भानगडींत पडूंच नये. आमच्या चिरंजीवांच्या यंत्रालाही ती सोय होती. पुस्तिका मात्र वेष्टनासकट खणांत पडून होती.

तथापि ज्यांना उचलल्यावांचून गत्यंतर नाहीं, त्यांनीं प्रथम आपल्या यंत्राचा प्रकार ओळखावा. ट्रॅक्टरसारख्या यंत्राचें इंजिन पुढें असतें, वजन सुमारें ४०० ते ५५० पौंड, म्हणजे १८० ते २५० किलो. दुसरा प्रकार झीरो-टर्न नांवाचा. त्याचें इंजिन मागें असतें, तो जागच्या जागीं गर्रकन् वळतो, आणि त्याचें वजन ३०० किलोंच्या घरांत किंवा त्याहूनही अधिक भरतें. हा भेद केवळ किंमतीचा नव्हे. यंत्राचें पुढचें तोंड उचललें म्हणजे मागचीं चाकें टेकूचें काम करतात, आणि लिफ्टवर सगळें वजन न येतां त्याचा कांहीं भागच येतो. ट्रॅक्टरच्या बाबतींत हा भाग सामान्यतः निम्म्याच्या आसपास असतो. झीरो-टर्नच्या बाबतींत त्याहून बराच कमी. येथवर ऐकून झीरो-टर्नवाल्याला आनंद होईल. पण जें पुढें हलकें आहे त्याचा गुरुत्वमध्य मागच्या चाकांना अगदीं लागून आहे, आणि तोंड वर जाईल तसतसा तो आणखी मागें सरकतो. अति उचललें तर यंत्र मागच्या मागें कलंडावयाचें. म्हणून पुस्तिकेंत दिलेली मर्यादा ओलांडूं नये, आणि हात व पाना फिरण्यापुरतें उचललें म्हणजे थांबावें.

लिफ्टचे घरगुती वापरांतले प्रकार मुख्यतः दोन. एकांत पुढचीं दोन चाकें दोन खोलगट तबकांत बसतात आणि तीं तबकेंच वर जातात. दुसरा प्रकार मोटारसायकल उचलण्याच्या साधनासारखा. त्याच्या भुजा यंत्राच्या सांगाड्याखालीं जातात. इंजिनच्या किंवा चाकांच्या कामाला तो चांगला. परंतु डेक ज्या जागीं लोंबतो नेमक्या त्याच जागीं त्या भुजा येतात, त्यामुळें पात्यांच्या कामाला तो अडचणीचा होतो. पात्यांसाठीं चाकें उचलणारी लिफ्टच सोयीची. मात्र ती घेण्यापूर्वीं पुढच्या चाकांमधलें आंतलें आणि बाहेरचें, दोन्ही अंतरें टेपनें मोजावीं, कारण टायर तबकांत पुरता बसला नाहीं तर तबक असून नसून सारखेंच. चढणीच्या फळ्यांवरून यंत्र चढविण्याचाही एक प्रघात आहे. त्यांत चाक फळीच्या टोकापलीकडे जाण्याचा धोका असल्यामुळें मी त्याची शिफारस करणार नाहीं.

लिफ्टवर जो आंकडा छापलेला असतो, तो नीट वाचला पाहिजे. कोठें तो प्रत्यक्ष उचललेल्या भाराचा असतो, कोठें संबंध यंत्राच्या वजनाचा. मागें गवताच्या पिशव्या किंवा पुढें बर्फ लोटण्याचें पातें लावलेलें असेल तर तें वजन निराळें. तीं आधीं काढून ठेवावीं हें उत्तम. जुन्या सामानाच्या विक्रींत स्वस्त मिळालेली लिफ्ट घेतांना मूळच्या पोलादी खिळीच्या जागीं कोणीं साधा खिळा ठोकलेला नाहीं ना, हें पाहावें.

आतां त्या खिळीचेंच महत्त्व सांगतों, कारण माझ्या मतें साऱ्या विषयाचें मर्म तेथें आहे. बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांनीं सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलों. त्याच नियमावर जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि आजचा तेलाचा जॅक त्याचाच वंशज. लहान दट्ट्या दाबावा, तर दहापट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या दहापट जोरानें वर येतो. पण वर आलेलें ओझें तेथें राहतें कशाच्या आधारावर? एका रबरी वायसरच्या आणि एका वाटाण्याएवढ्या झडपेच्या! वायसर झिजला किंवा झडपेंत कचऱ्याचा कण अडकला, कीं ओझें हळूहळू उतरूं लागतें, आणि वायसर फाटला तर हळूहळूसुद्धां नाहीं. स्क्रूच्या जॅकचे आटे घर्षणानें ओझें धरून ठेवतात, म्हणून तो बरा. परंतु आटेही झिजतातच. यास्तव जें साधन ओझें उचलतें त्याच्यावर ओझें धरण्याचा भरंवसा टाकूं नये. लिफ्टला आपोआप अडकणारी पोलादी खीळ किंवा दांत्यांची पट्टी असलीच पाहिजे. आणि ती असली तरीही सांगाड्याखालीं मोटारीला लावतात तसे दोन पोलादी स्टँड लावल्याखेरीज कोणीं हात आंत घालूं नये. पोकळ सिमेंटचे ठोकळे, विटा, फळ्यांची चळत यांना स्टँड समजूं नये. सिमेंटचा ठोकळा आधीं वांकत नाहीं, कुरकुरत नाहीं, इशारा म्हणून कांहीं देत नाहीं. तो एकदम फुटतो.

यंत्र उचलण्यापूर्वींची तयारी थोडी, पण चुकवूं नये अशी आहे. जागा सपाट, कोरडी आणि काँक्रीटची हवी. डांबरी जमीन उन्हांत मऊ होते व मातींत तर स्टँडचे पाय रुततात. पात्यांचा पट्टा सोडवावा, इंजिन बंद करावें, किल्ली काढून खिशांत घालावी, आणि स्पार्क प्लगची तार काढून बाजूस वळवून ठेवावी. इंजिन व सायलेन्सर निवूं द्यावे. टांकींत पेट्रोल थोडेंच असावें, कारण तोंड वर झालें म्हणजे तें झांकणांतून गळूं शकतें. तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, त्यामुळें प्रथम माझा फार घोटाळा झाला. पण खरा गॅसही फार दूर नसतो. तेथील कित्येक गॅरेजांच्या कोपऱ्यांत पाणी तापविण्याचा गॅसचा बंब असतो आणि त्याच्या बुडाशीं एक लहानशी ज्योत अष्टौप्रहर तेवत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरत जाऊन तिला गांठते. म्हणून दार सताड उघडें ठेवून त्या बंबापासून दूर, शक्य तर बाहेरच्या काँक्रीटवर काम करावें. शिवाय यंत्र अति कलतें झाल्यास इंजिनांतलें तेल नको त्या ठिकाणीं शिरतें, व साध्या बॅटरींतलें ॲसिडही सांडतें.

ब्रेकविषयीं एक सूक्ष्म गोष्ट आहे. या यंत्रांचा ब्रेक मागच्या चाकांवर चालतो. तोंड उचललें असतां तीं चाकें जमिनीवर असतात, तेव्हां ब्रेक लावावा आणि वर त्यांच्या पुढें-मागें लांकडी पाचरीही माराव्या. परंतु यंत्राची मागची बाजू उचलली कीं ब्रेक अधांतरीं चाकांना धरून बसतो आणि यंत्र उभें राहतें पुढच्या मोकळ्या चाकांवर. झीरो-टर्नचीं पुढचीं चाकें तर ऑफिसांतल्या फिरत्या खुर्चीच्या चाकांसारखीं चहूंकडे वळणारीं. तेव्हां मागची बाजू उचलण्याचें काम घरीं करूंच नये. तें कारागिरावर सोंपवावें.

खीळ बसली, स्टँड लागले, कीं यंत्राला बाजूनें हातानें चांगला धक्का देऊन पाहावा. जें हलावयाचें तें आपण बाहेर असतांना हललेलें बरें. त्यानंतर जाड हातमोजे घालून पातें व डेक यांमध्यें लांकडाचा ठोकळा अडकवावा, म्हणजे बोल्ट फिरवितांना पातें फिरणार नाहीं. दोन किंवा तीन पात्यांचीं यंत्रें एकाच पट्ट्यानें जोडलेलीं असतात. एक पातें फिरविलें तर दुसरेंही फिरतें, आणि दुसरा हात नेमका तेथें असतो. बोल्ट घट्ट असला म्हणजे आपण पान्याला हिसके देतों. हा हिसका जितका जोराचा, तितका तो स्टँडवरच्या यंत्रालाही बसतो. म्हणून लांब दांड्याचा पाना घेऊन संथ, एकसारखा जोर लावावा. आणि घरांत कोणी मोठें माणूस असल्याखेरीज, तें आपल्या हांकेच्या टप्प्यांत असल्याखेरीज, हें काम काढूंच नये. त्या दिवशीं सूनबाई मुलांना घेऊन बाजारांत गेल्या होत्या आणि मी माडीवर वामकुक्षी घेत होतों.

काम आटोपल्यावर माणूस थकलेला असतो व उतरविण्याची घाई करतो. पाने, चिंध्या, ठोकळा सगळें मोजून बाहेर आलें का, तें पाहावें. मुलांना व कुत्र्याला दूर करावें. मग यंत्र किंचित् वर घेऊन स्टँड मोकळे करावे, ते काढावे, खीळ सोडवावी आणि हळूहळू खालीं आणावें. चारी चाकें जमिनीवर टेकलीं, पाचरी निघाल्या, डेकखालीं कांहीं राहिलें नाहीं अशी खात्री झाली, म्हणजे मग स्पार्क प्लगची तार जोडावी, आणि खिशांतली किल्ली त्यानंतर काढावी.