गाठ चोळू नका, आधी तपासून घ्या



सफाळ्यातील आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या मांडीत गाठ आली. घरच्यांनी तेल लावून चोळली. कुणी म्हणाले, गाडीत चढताना मार बसला असेल. कुणी म्हणाले, गळू आहे, चिरून टाका. काकांचे एक मूत्रपिंड चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढले होते, हे मात्र डॉक्टरांना कुणी सांगितलेच नाही. दीड महिना वाया गेला. ती गाठ जुन्या कॅन्सरचीच निघाली.

कॅन्सर फुप्फुसात, यकृतात, हाडांत पसरतो हे आपण ऐकलेले असते. स्नायूंत तो क्वचितच पसरतो, म्हणून संशय येत नाही. फुप्फुस, मूत्रपिंड, मोठे आतडे यांचा कॅन्सर कधीकधी मांडी, कुल्ला, पाठ किंवा कंबरेच्या खोल स्नायूंत उतरतो. मूत्रपिंडाचा तर काही वर्षांनीही.

मग कोणती तपासणी कशासाठी?

सोनोग्राफी स्वस्त आहे आणि जवळपास होते. गाठ पाण्याची की भरीव, हे तिच्यात कळते. साध्या सीटी स्कॅनमध्ये गाठ आणि स्नायू सारखेच दिसू शकतात, म्हणून शिरेतून औषध देऊन फोटो काढतात. तरीही कडेने उजळ आणि मध्ये काळपट दिसणारी गाठ पुवासारखी भासते. एमआरआयमध्ये गाठ किती खोल गेली, नस किंवा रक्तवाहिनी जवळ आहे का, हे सर्वांत स्पष्ट दिसते. त्यात किरणोत्सर्ग नसतो. मात्र पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगावे.

पेट स्कॅन सगळे शरीर एकदम पाहतो. तारापूरमुळे अणुशक्ती आपल्या ओळखीची आहे. त्याच विज्ञानाचा हा उपयोग. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातले पहिले पेट स्कॅन यंत्र आले. किंचित किरणोत्सर्गी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात आणि चमकतात. पण दमलेला स्नायूही साखर ओढतो! म्हणून आदल्या दिवशी ओझी उचलू नका, गाडीसाठी धावू नका. साधारण सहा तास उपाशी राहा, पाणी चालते. मधुमेह असेल तर औषधाचे आधीच विचारा. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहा. त्या दिवशी लहान मुले आणि गरोदर बायकांपासून काही तास दूर राहा.

फोटो संशय दाखवतो. खात्री सुईने घेतलेल्या तुकड्यानेच होते. म्हणून फोटोआधी गाठ कापू देऊ नका.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढत असेल, तर दुखत नसली तरी दाखवा. पूर्वी कॅन्सर झालेल्याने लहान गाठही दाखवावी आणि जुनी फाईल सोबत न्यावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा, कोणती तपासणी बसते ते विचारा. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सर रुग्णाला प्रवास करता येतो.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हीच तथागतांची शिकवण. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा. ज्यांच्या घरी जुनी फाईल कपाटात पडून आहे, त्यांच्या कानावर ते गेलेच पाहिजे.