तिखट खायला शिकवावं कसं?

आमचा बचत गट लालबाग-परळचा.

उन्हाळा लागला की आमच्या लालबागच्या मसाला बाजारात पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचा मसाला करायचा म्हणून बायका लांबून येतात. मिरच्या निवडायच्या, खडा मसाला भाजून घ्यायचा आणि सगळं डंखावर कुटून न्यायचं. गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागतो. कुणाचा मालवणी, कुणाचा घाटी, कुणाचा आगरी मसाला. कारण हे गिरणगाव वसलंच कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांमुळे. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. दुसऱ्याच्या जिभेचा विचार करून रांधणं आमच्या वस्तीला नवं नाही.

पण घरात मात्र आपण हा विचार विसरतो. आमच्या गटातल्या एका मावशींची सून बडोद्याच्या मराठी घरातली. तिकडे आमटीत गूळ, भाजीत साखर. इकडे सासर कोल्हापूरकडचं, रोज कांदा-लसूण मसाला. पहिल्याच जेवणात तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळे हसले. मावशींनी ती गोष्ट बैठकीत सांगितली, तेव्हा आम्हीही हसलो. "होईल सवय," असं म्हणून विषय संपवला.

सहा महिन्यांनी आरोग्य शिबिरात तिचं हिमोग्लोबिन ८ निघालं. आम्ही शेजारी बसून विचारलं, तेव्हा कळलं की पोरगी दोन्ही वेळा ताकभातावर राहत होती. भाजी, उसळ, मासे ताटात घ्यायची, पण पोटात जात नव्हते. "सारखं वेगळं कसं मागू?" म्हणाली. त्या दिवशी आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण जेवणाचं काम आपल्यालाच करायचं होतं. म्हणून आधी आम्ही तिखट म्हणजे काय ते समजून घेतलं.

आपण सहा रसांत तिखट धरतो. पण जिभेच्या हिशेबाने ती चव नाही, चटका आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं द्रव्य असतं. गरम वस्तू लागली की ज्या मज्जातंतूंना कळतं, त्यांनाच ते जाऊन चेतवतं. मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. म्हणून घाम, नाक, डोळे वाहायला लागतात. हे कसं घडतं ते शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. म्हणजे सूनबाई नखरे करत नव्हती. तिला खरोखरच भाजल्यासारखं होत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, रोज थोडं थोडं खाल्लं की याच मज्जातंतूंची धार बोथट होते. काही आठवडे सोडलं की पुन्हा तेवढंच लागतं. त्यामुळे सवय लावायची तर प्रमाण थोडं हवं आणि खंड नको. मिरचीसुद्धा आपली मूळची नाही, पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आली. त्याआधी आपली भिस्त मिरी, पिंपळी आणि आल्यावर होती. अख्ख्या मुलखाने जे शिकून घेतलं, ते एका मुलीला शिकायला वेळ द्यायला काय हरकत आहे?

मग मावशींनी आणि आम्ही मिळून ठरवलं ते असं :

एक. मसाला घालण्याआधी तिची वाटीभर भाजी बाजूला काढायची. त्यात घरच्या रश्शाचा एक चमचा. आठवड्याने दोन. सोसलं नाही तर पुन्हा एकावर यायचं.

दोन. वरची तर्री तिच्या वाटीत घालायची नाही. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून रश्शाचा जाळ त्या तेलात जास्त असतो.

तीन. मिरची चिरताना आतला पांढरा गर काढायचा. आपण बियांना दोष देतो, पण खरा तिखटपणा त्या गरात असतो.

चार. जोडीला दही, ताक किंवा नारळाच्या दुधाची सोलकढी ठेवायची. तोंड पोळल्यावर पाणी प्यायलं तर आग शमत नाही, उलट तोंडभर पसरते. दूध-दही ती धरून खाली नेतं.

पाच. उपाशीपोटी तिखट नाही. आधी दोन घास भाकरी. आणि ती जेवताना कुणी तोंडाकडे बघत बसायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

लहान मुलांनाही हेच लागू. मोठ्यांना चवीने खाताना बघून मूल आपणहून हात पुढे करतं. त्याला शिक्षा म्हणून किंवा गंमत म्हणून मिरची लावू नका. ज्यांना पित्त, पोटातला व्रण किंवा मूळव्याध आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. आणि मिरची कांडल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ती जात नाही, आणि तोच हात बाळाच्या डोळ्याला लागतो.

तीनेक महिन्यांत सून घरची आमटी भाकरीशी खायला लागली. आता तिला त्यातली लसूण, तीळ, खोबरं वेगळं ओळखू येतं. आधी नुसती आगच कळायची. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिनही १० च्या वर गेलं. लवंगी मिरचीच्या ठेच्याला ती अजून हात लावत नाही आणि कुणी आग्रहही करत नाही.

यातून गटाच्या धंद्यालाही एक सुचलं. आता आम्ही मसाला दोन प्रकारचा करतो. 'मध्यम'मध्ये किलोभर मिरचीत पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी. ब्याडगीने रंग येतो, जाळ कमी. 'झणझणीत'मध्ये दोन्ही निम्मी निम्मी. कोरड्या चमच्याने काढा, बरणीत हिंगाचा खडा ठेवा. मध्यम घेणाऱ्या बायका हळूच सांगतात, "आमच्याकडे नवीन सून आलीय."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा : आपल्या घरात तिखटापायी अर्धपोटी कोण उठतं? उत्तर आलं की आजच वाटी बाजूला काढा.