साखरेविना गोडी : फळांच्या गोडीवर भाजलेल्या पौष्टिक वड्यांचे अन्नशास्त्रीय विवेचन

सारांश : वरून साखर न घालता खजूर, केळी, अंजीर यांसारख्या फळांच्या गोडीवर भाजलेल्या वड्या आज 'आरोग्यदायी खाऊ' म्हणून घराघरांत, बचत गटांत आणि महाविद्यालयीन विक्रीमेळाव्यांत दिसू लागल्या आहेत. प्रस्तुत लेखात कोकणातील फळे सुकविण्याच्या परंपरेच्या आधारे या वड्यांमागील शास्त्र, त्यांचे प्रमाण, टिकाऊपणा आणि त्यांच्यासंबंधी केले जाणारे दावे यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सुकी फळे, नैसर्गिक शर्करा, मुक्त शर्करा, जलक्रियाशीलता, लेबलवरील दावे.

१. प्रस्तावना

पनवेल हे कोकणचे प्रवेशद्वार मानले जाते. मुंबई-गोवा महामार्ग येथूनच दक्षिणेकडे वळतो, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गावाहून परतणारी कुटुंबे याच वाटेने आंबापोळी, फणसपोळी घेऊन येतात. त्याच पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी व खारघर या परिसरात गेल्या काही दशकांत महाविद्यालये वाढली आणि त्यांबरोबर उपाहारगृहेही वाढली. वडापाव, समोसा, क्रीमची बिस्किटे आणि शीतपेये हा विद्यार्थ्यांचा नित्याचा आहार झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये महाविद्यालयांच्या आवारात अपायकारक खाद्यपदार्थ विकले जाऊ नयेत, अशा सूचना दिल्या. त्यानंतर 'मग पर्याय कोणता?' हा प्रश्न अध्यापकांपुढे उभा राहणे स्वाभाविक होते.

या प्रश्नाचे गांभीर्य आकडेवारीवरून ध्यानात येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आहे. अशा वेळी 'यात साखर नाही' हे तीन शब्द ऐकून एखादी मधुमेही व्यक्ती वडी निःशंकपणे खाते. म्हणून त्या शब्दांचा नेमका अर्थ तपासणे आवश्यक ठरते.

२. कोकणातील परंपरा

फळातील पाणी कमी करून त्याची गोडी टिकविणे ही कल्पना कोकणास नवी नाही. फणसाच्या दोन प्रकारांपैकी कापा फणस गऱ्यांसाठी, तर मऊ व रसाळ बरका फणस पोळीसाठी वापरला जातो. बरक्याचा गर तूप वा तेल लावलेल्या ताटात पातळ पसरून एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळवितात आणि थर बसत गेले की पोळी सोडवून ठेवतात. आंब्याच्या रसाची साठे याच पद्धतीने होतात. पिकलेल्या गराला मुळातच पुरेशी गोडी असल्याने घरगुती पोळीत साखर घातलीच पाहिजे असे नसते. बाजारातील अनेक पोळ्यांत मात्र ती घातलेली आढळते.

उत्तर कोकणात वसई परिसरातील सुकेळी हे याचे आणखी स्पष्ट उदाहरण होय. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून उन्हात सुकविली की तपकिरी, चिवट आणि मधुर सुकेळी तयार होतात. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये आगाशीच्या सुक्या केळ्यांची प्रशंसा आढळते. सुकेळ्यांत केळ्याखेरीज दुसरे काहीही नसते. आजच्या भाषेत बोलायचे तर ही 'वरून साखर न घातलेली' वडीच होय.

या पदार्थांत उन्हाने अनेक दिवसांत जे होते, ते भट्टीत अर्ध्या तासात होऊ शकत नाही. उन्हात पाणी सावकाश निघून जाते. भट्टीत पृष्ठभाग लवकर भाजला जातो आणि आत ओलावा राहतो. भाजलेली वडी व वाळवलेली पोळी यांच्या टिकाऊपणातील फरकाचे मूळ येथे आहे.

३. भाजणीत साखरेचे कार्य

साखर केवळ गोडीसाठी वापरली जाते, ही समजूत अपुरी आहे. भाजलेल्या पदार्थात ती किमान चार कामे करते. पहिले काम गोडी देण्याचे. दुसरे, पाणी धरून ठेवून पदार्थ मऊ राखण्याचे. तिसरे, जिवाणू व बुरशी यांना उपलब्ध होणारे पाणी, म्हणजेच पदार्थाची जलक्रियाशीलता, कमी करून तो टिकविण्याचे. चौथे, रंग व खमंगपणा आणण्याचे. साखर वगळावयाची असेल तर या चारही कामांची व्यवस्था अन्य घटकांतून करावी लागते.

खजुरासारखी फळे यांपैकी बरीच कामे स्वतः करतात. बियांविना खजुराच्या वजनाचा सुमारे ६५ टक्के भाग शर्करेचा असतो, आणि तीत प्रामुख्याने ग्लुकोज व फ्रुक्टोज असते. फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा अधिक गोड असून हवेतील ओलावा जोराने शोषून घेते; त्यामुळे वडी मऊ राहते. फळातील पेक्टिन व तंतू मिश्रण बांधून ठेवतात.

रंगाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. साधी साखर सुमारे १६० अंश सेल्सिअसला करपू लागते, तर फ्रुक्टोजमध्ये हा बदल ११० अंशांच्या आसपासच सुरू होतो. शिवाय ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची प्रथिनांतील अमिनो आम्लांशी थेट अभिक्रिया होऊन तपकिरी रंग येतो; या अभिक्रियेस मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. म्हणून केकसाठी वापरले जाणारे १८० अंशांचे तापमान फळांच्या वडीला मानवत नाही. कडा काळ्या पडतात, कडवटपणा येतो आणि मध्यभाग कच्चा राहतो. सुमारे १६० अंश तापमान व थोडा अधिक वेळ हाच योग्य मार्ग होय.

४. प्रातिनिधिक प्रमाण व कृती

स्थानिक बाजारात सहज मिळणाऱ्या घटकांचे एक प्रातिनिधिक प्रमाण पुढीलप्रमाणे देता येईल : बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, सोललेली पूर्ण पिकलेली केळी २०० ग्रॅम, मंद आचेवर भाजलेले नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, भाजून जाडसर चुरलेले पोहे १०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट १०० ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ व सुंठ.

खजूर थोड्या कोमट पाण्यात भिजवून, पाणी निथळून बारीक चिरावा. केळी कुस्करून त्यात खजूर व इतर जिन्नस मिसळावेत आणि घट्ट गोळा करावा. २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या ट्रेमध्ये बटर पेपर घालून मिश्रण दाबून बसवावे व १६० अंश सेल्सिअसवर २५ ते ३० मिनिटे भाजावे. वडी गरम असताना कापू नये; निवताना ती आवळते आणि मगच तिचे सोळा सारखे तुकडे नीट पडतात. नाचणीत ग्लूटेन नसल्याने बांधणीचा सर्व भार केळी व खजूर यांवर असतो. म्हणून मिश्रण दाबून बसविणे व वडी पूर्ण निवू देणे या दोन पायऱ्या टाळता येत नाहीत.

५. वडीतील साखरेचा हिशेब

वरील कृतीत साखरेचा एकही दाणा नाही. तरीही हिशेब मांडला असता वेगळे चित्र दिसते. २०० ग्रॅम खजुरातून सुमारे १३० ग्रॅम आणि २०० ग्रॅम केळ्यांतून, १२ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे २४ ग्रॅम शर्करा मिळते. एकूण शर्करा १५४ ग्रॅम झाली. सोळा वड्यांत ती विभागल्यास प्रत्येक वडीत साडेनऊ ग्रॅमहून थोडी अधिक, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे शर्करा येते. पोहे व नाचणी यांतून येणारे सुमारे ९ ग्रॅम पिष्ट वेगळेच, आणि पचनानंतर तेही ग्लुकोजमध्येच रूपांतरित होते.

याचा अर्थ, दीडशे ग्रॅम साखर घालून केलेल्या तेवढ्याच वड्यांत जितकी शर्करा असती, जवळपास तितकीच येथेही आहे. मग लाभ कोणता? फळांतून या मिश्रणात सुमारे १८ ग्रॅम तंतू येतात, म्हणजे प्रत्येक वडीमागे एक ग्रॅमहून थोडे अधिक. त्याखेरीज पोटॅशियमसारखी खनिजेही मिळतात. नाचणीतील कॅल्शियम आणि शेंगदाणे व तीळ यांतील प्रथिने व स्निग्धांश ही या वडीची खरी जमेची बाजू होय. तंतू, प्रथिने व स्निग्धांश यांमुळे पचनाचा वेगही काहीसा मंदावतो. हा लाभ खरा आहे, परंतु मर्यादित आहे. खजूर १०० ग्रॅमवर आणून केळी २५० ग्रॅम केल्यास एका वडीतील शर्करा सुमारे ६ ग्रॅमवर येते. गोडी कमी होते, पण जीभ काही दिवसांत तिला सरावते. आरोग्याच्या दृष्टीने साखरेऐवजी फळ वापरण्याइतकेच एकूण गोडी कमी करणे महत्त्वाचे आहे.

६. फळाचे रूप व मुक्त शर्करा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवावी, आणि शक्य तर ५ टक्क्यांहून कमी करावी, असे सुचविले. दोन हजार कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. वरून घातलेली साखर, मध, पाक व फळांचे रस यांतील शर्करा 'मुक्त' मानली जाते. अखंड ताज्या फळातील शर्करा तीत मोजली जात नाही. फळाच्या पेशीभित्तिका शाबूत असताना शर्करा आत बंदिस्त असते व ती सावकाश उपलब्ध होते, हे त्यामागील तत्त्व होय.

खजुराची पेस्ट या दोहोंच्या सीमेवर येते. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येनुसार फळांचा रस, लगदा व पेस्ट यांतील शर्करा मुक्त ठरते. साध्या सुकविलेल्या फळातील शर्करा मात्र त्यात धरली जात नाही. म्हणूनच वरील कृतीत खजूर मिक्सरमध्ये न वाटता बारीक चिरण्यास सांगितले आहे. सुकविण्याच्या परिणामाचेही भान हवे. १०० ग्रॅम ताज्या केळ्यात सुमारे ७५ ग्रॅम पाणी असते. ते सुकवून ओलावा २० टक्क्यांवर आणल्यास उरलेले वजन सुमारे ३१ ग्रॅम भरते, परंतु १२ ग्रॅम शर्करा तशीच राहते. म्हणजे १२ टक्के गोड फळ सुमारे ३९ टक्के गोड होते. एका वेळी तीन ताजी केळी खाणे जड जाते. तीन सुकेळी सहज खाल्ली जातात.

७. टिकाऊपणा

जलक्रियाशीलता ०.८५ च्या खाली गेल्यास रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते. बहुतेक बुरशींसाठी ती ०.७० च्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते. नीट वाळलेल्या पोळ्या म्हणूनच टिकतात. केळे घातलेल्या भाजक्या वडीत ओलावा अधिक असल्याने ती सामान्य तापमानात दोन-तीन दिवसांत व शीतकपाटात आठवड्याच्या आत संपविणे इष्ट. पावसाळ्यात पनवेलसारख्या दमट ठिकाणी फ्रुक्टोज हवेतील पाणी शोषते, वडी चिकट होते आणि बुरशी लवकर धरते. त्या दिवसांत हवाबंद डबा अनिवार्य ठरतो. शिवाय चिकट फळ दातांना धरून राहते. त्यामुळे वडी खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय हितावह होय.

८. दाव्यांची भाषा

'साखरमुक्त', 'अल्पशर्करायुक्त' आणि 'वरून साखर घातलेली नाही' हे तीन भिन्न दावे आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनुसार 'साखरमुक्त' म्हणण्यासाठी १०० ग्रॅममध्ये शर्करा ०.५ ग्रॅमहून अधिक नसावी. घनपदार्थास 'अल्पशर्करायुक्त' म्हणण्यासाठी ही मर्यादा ५ ग्रॅम आहे. वरील वडीचे भाजल्यानंतरचे एकूण वजन सुमारे ६२० ग्रॅम धरल्यास १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम शर्करा भरते. अर्थात पहिले दोन्ही दावे येथे लागू पडत नाहीत.

तिसरा दावाही दिसतो तितका सोपा नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साखर, मध, काकवी यांसारखी कोणतीही शर्करा घातलेली नसणे पुरेसे नाही. साखरेची जागा घेणारे घटकही पदार्थात नसावेत, आणि अशा घटकांच्या उदाहरणांत सुक्या फळांच्या पेस्टचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे गोडीसाठीच खजुराची पेस्ट घालून 'वरून साखर नाही' असे छापणे या तत्त्वांशी विसंगत ठरते. 'साखर नाही, गूळ आहे' हे विधान तर शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक होय, कारण गुळाचा मुख्य घटक सुक्रोज, म्हणजे साखरच, असतो. विक्रीसाठी 'खजूर व केळ्यांच्या गोडीची वडी; एका वडीत सुमारे १० ग्रॅम शर्करा' हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे आणि ग्राहकाला अधिक उपयोगीही आहे.

९. निष्कर्ष

फळांच्या गोडीवर भाजलेली वडी ही क्रीमच्या बिस्किटांना व शीतपेयांना चांगला पर्याय आहे. परंतु ती मधुमेहींसाठीचे पथ्य नव्हे. तिचे मूल्य साखर वगळल्याने ठरत नाही. त्यात फळ कोणत्या रूपात आहे, सोबत धान्य व तेलबिया किती आहेत आणि वडी केवढी आहे, यांवर ते ठरते. अन्नप्रक्रियेचे प्रशिक्षण देणाऱ्या, कमवा व शिका योजनेतून विद्यार्थ्यांकडून असे पदार्थ करवून घेणाऱ्या किंवा उपाहारगृह समितीवर काम करणाऱ्या अध्यापकांनी पाककृतीबरोबर हा हिशेबही विद्यार्थ्यांना शिकवावा. वडी करणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्या वेष्टनावर शर्करेचा आकडा स्वतः मोजून लिहिला, तर अन्नशास्त्राचा एक महत्त्वाचा पाठ तेथेच पूर्ण होईल, आणि ती वडी विकत घेणारी मधुमेही व्यक्ती किती खावे हे जाणून घेऊनच ती खाईल.