खुराड्याची जमीन

पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांत खुराड्याची जमीन बहुधा शेणाने सारवितात. सारवण ओल धरते. आणि रक्ती हगवणीचे जंतू ओल्या, उबदार विष्ठेत एक-दोन दिवसांतच रोगक्षम होतात. पिले दगावतात ती यामुळे. शहाबादी फरशी सांधे सिमेंटने भरून, दाराकडे किंचित उतार देऊन बसविल्यास धुण्यास सर्वांत सोयीची. धुतल्यावर मात्र ती पूर्ण वाळू द्यावी. फरशी न परवडल्यास चोपलेल्या जमिनीवर चार बोटे भाताचे तूस पसरावे. भाताच्या मुलखात ते दुर्मिळ नाही! भिजलेले तूस त्याच दिवशी काढावे.

२००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून हा प्रश्न केवळ पक्ष्यांचा राहिलेला नाही. खुराडे पुष्कळदा मुलेच झाडतात. त्यांनी नाकातोंडावर फडके बांधावे व नंतर साबणाने हात धुवावेत, हे शिक्षकांनी पालकांसही समजावून द्यावे.