नळी वाकताना चेंबते का?

अफझलगंजच्या बसथांब्यावरून उस्मानिया रुग्णालयाकडे चालत निघालेल्या माणसाला थोड्याच अंतरात वाकवलेल्या नळ्यांचे किती प्रकार दिसावेत! बसमधला धरायचा दांडा, सायकलचे हँडल, मोटारसायकलचा सायलेन्सर, रुग्णाला ने-आण करण्याची चाकांची खुर्ची. यांतली प्रत्येक नळी कारखान्यातून सरळच बाहेर पडली होती. ती वाकवली कोणीतरी नंतर, आणि ती वाकताना चेंबली नाही. आपण मात्र घरी उरलेला नळीचा तुकडा गुडघ्यावर घेऊन वाकवायला जातो आणि ती मधोमध चपटी होऊन तिला पोचा पडतो. हे असे का व्हावे?

जोर कमी पडला किंवा नळी हलक्या प्रतीची होती, असे उत्तर सहसा मिळते. ते बरोबर नाही. खरे कारण भूमितीत आहे.

२५ मिलिमीटर व्यासाची नळी घ्या. तिला काटकोनात असे वाकवा की मध्यरेषेची त्रिज्या ७५ मिलिमीटर राहील. मध्यरेषेवर या वाकाची लांबी सुमारे ११८ मिलिमीटर भरते. पण बाहेरच्या अंगाला तीच लांबी १३७ व्हावी लागते आणि आतल्या अंगाला ९८. म्हणजे एकाच नळीची एक बाजू सुमारे सतरा टक्के ताणली गेली आणि दुसरी तेवढीच आखडली. त्रिज्या ५० वर आणली तर हे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर जाते. हाताने वाकवताना वाकाची त्रिज्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी करू नये, असा कारागिरांचा जो ठोकताळा आहे, त्याच्या मागे हाच हिशेब आहे.

एवढ्याने नळी चेंबण्याचे कारण मात्र नाही. भरीव सळईलाही हाच ताण आणि हाच दाब सोसावा लागतो. ती कुठे चेंबते? फरक पडतो तो पोकळीमुळे. मडक्याच्या पोटावरून दोरी ताणून धरली तर दोरी मडक्याला आत दाबते. वाकाच्या बाहेरचा ताणलेला पत्राही तसाच नळीच्या मध्याकडे दाबत असतो. आतल्या अंगाचा आखडणारा पत्रा दोन्हीकडून रेटला गेल्यामुळे फुगू पाहतो, आणि तोही मध्याकडेच. दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकतात आणि वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. चपटी नळी वाकायला गोल नळीपेक्षा सोपी असते. त्यामुळे ती जिथे थोडी चपटी झाली, पुढचे सगळे वाकणे तिथेच गोळा होते, आणि क्षणात तिथे घडी पडते. लांब, पातळ, लवचिक नळीच्या बाबतीत याचे गणित एल. जी. ब्रेझिअर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. व्यास सुमारे दोन नवमांशाने दबला की नळीचा विरोध कमाल मर्यादा गाठतो व नंतर घटू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

शंका असेल त्यांनी शीतपेयाची साधी प्लॅस्टिकची नळी हळूहळू वाकवून पाहावी. आधी ती चपटी होताना दिसेल, मग एकदम मोडेल. आता दुसऱ्या नळीत बारीक मीठ ठासून भरावे, दोन्ही टोके बोटांनी दाबून धरावीत आणि पुन्हा वाकवावी. वाक गोल येईल. प्रयोगशाळेच्या परवानगीची गरज नाही!

यावरून सगळ्या युक्त्यांचे मूळ ध्यानात येते: वर्तुळाला वर्तुळच ठेवायचे. ते बाहेरून धरावे किंवा आतून. बाहेरून म्हणजे नळीच्या व्यासाइतकीच अर्धगोल खाच असलेली चाकी. विजेच्या लोखंडी नळ्या वाकवण्याच्या साधनात तीच असते. खाच सैल असेल तर तिचा काही उपयोग नाही. आतून म्हणजे भरण. तांब्याच्या बारीक नळीत किंवा तिच्यावरून घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग सरकवतात. पितळी वाद्ये बनवणारे राळ भरतात. काही कारखाने साबणाचे पाणी भरून ते गोठवतात.

लोखंडाच्या जाड नळीत वाळू भरतात, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. वाळू आधी तापवून पूर्ण कोरडी केलेली हवी. टोकांना लाकडी खुंट्या मारलेली नळी भट्टीत लाल केली आणि वाळूत ओल राहिली, तर त्या पाण्याची वाफ होते. मोकळ्या हवेत पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा व्यापणारी ही वाफ बंद नळीत कोंडली की खुंटी गोळीसारखी सुटते. समोर कोणाचा चेहरा असेल तर काय होईल, हे सांगायला नको. जस्ताचा मुलामा दिलेली नळी तर तापवूच नये. तिचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो.

तांब्याची नळी कडक असेल तर तिला मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करावे. पोलादाप्रमाणे ती पाण्यात बुडवल्याने पुन्हा कडक होत नाही. एकदा वाकवली की मात्र तेवढ्या भागात कडक होते, म्हणून तोच वाक पुन्हा पुन्हा सुधारत बसू नये. पोचा पडलेली नळी ठोकून सरळ करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. ती दिसायला सरळ होते, रंगही चढतो. पण घडीच्या जागी धातू दोनदा दुमडलेला असतो, तिथे बारीक चीर असू शकते. हँडलला किंवा चाकांच्या खुर्चीला अशी नळी माझ्या मते वापरूच नये.

१९२५ साली मार्सेल ब्रॉयर या तरुण शिक्षकाने जर्मनीत वाकवलेल्या पोलादी नळ्यांची खुर्ची केली. सायकलचे हँडल पाहून त्याला ती सुचली. आज आपल्या वर्गांत आणि कार्यालयांत दिसणाऱ्या नळीच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

वाकवायला बसणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. शिवण असलेल्या नळीची शिवण वाकाच्या बाहेर किंवा आत न ठेवता बगलेला ठेवावी. तिथे ताणही नाही, दाबही नाही. आणि हात सोडल्यावर नळी थोडी परत उलगडते. काटकोन हवा असेल तर काही अंश जास्तच वाकवावे लागते. किती, ते त्याच नळीच्या एका टाकाऊ तुकड्यावर आधी पाहून घ्यावे.