यंत्रगज आणि त्याची उत्तरकथा

एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘पहिल्याची सर याला नाही’ हे एक. आणि ‘हा पहिल्याहूनही सरस उतरला’ हे दुसरे. दुसरे वाक्य क्वचितच ऐकू येते. यंत्रमानव, परग्रहावरील पाहुणे, भविष्य दाखविणारी यंत्रे यांच्या भोवती गुंफलेल्या साहसपटांच्या बाबतीत तर हा निवाडा चित्रगृहाच्या पायऱ्या उतरण्यापूर्वीच दिला जातो. पहिल्या भागाच्या वेळी प्रेक्षक रिकाम्या मनाने येतो. दुसऱ्या भागाला तो येतो तो एक जुनी आठवण उराशी धरून, आणि त्या आठवणीशी नव्या चित्राचा ताळा जमतो की नाही हे पाहत बसतो.

ही खोड बोलपटाने लावली असे समजण्याचे कारण नाही. उज्जयिनीच्या नावाशी जोडलेली एक जुनी कथा आहे. तिच्यात यंत्र आहे, साहस आहे, तिला उत्तरभाग आहे, आणि दोन्ही भागांवर रसिकांनी व्यक्त केलेले अभिप्रायही शिल्लक आहेत.

कथा वत्सराज उदयनाची. हत्ती पकडण्याचा या राजाला विलक्षण नाद. वीणेच्या स्वरांनी मत्त गजालाही तो वश करीत असे. उज्जयिनीचा अधिपती प्रद्योत, ज्याला महासेन असेही म्हणत, त्याने याच नादाचा फायदा घेतला. कृत्रिम हत्ती तयार करवून तो अरण्यात उभा केला आणि त्याच्या पोटात सैनिक दडवून ठेवले. ‘कथासरित्सागरा’त त्याला चक्क यंत्रहत्तीच म्हटले आहे. उदयन फसला, पकडला गेला आणि बंदिवान म्हणून उज्जयिनीत आला. तेथे राजकन्या वासवदत्तेला वीणा शिकविताना दोघांचे प्रेम जमले आणि प्रधान यौगंधरायणाच्या युक्तीने दोघेही हत्तिणीवर बसून पळाली. ही कथा अवंतीच्या लोकांना इतकी प्रिय होती की, त्या देशातील गावोगावचे वृद्ध उदयनाच्या कथा सांगण्यात निष्णात असतात असे कालिदासाने ‘मेघदूता’त मुद्दाम नमूद केले आहे. अशा प्रेक्षकांपुढे हीच कथा नाटक म्हणून मांडणे म्हणजे परीक्षकांच्या घरीच परीक्षा देण्यासारखे होते.

ती दोन नाटकांतून मांडली गेली. ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ हा पूर्वभाग आणि ‘स्वप्नवासवदत्त’ हा उत्तरभाग. टी. गणपतिशास्त्री यांनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून जी नाटके प्रसिद्ध केली त्यांत ही दोन्ही होती. ती सर्वच भासाची आहेत की काय यावर पंडितांचा वाद आहे. तो येथे बाजूस ठेवता येईल.

यंत्रगजाच्या प्रसंगावर पहिली तक्रार आली ती एका शास्त्रकाराची. सुमारे सातव्या शतकातील भामहाने ‘काव्यालंकारा’त या कथेची झडती घेतली आहे. त्याचे आक्षेप आजच्या प्रेक्षकाच्या तोंडी सहज शोभतील असे आहेत. जो राजा अनुभवी आणि जाणत्यांचा सल्ला घेणारा म्हणून रंगविला, त्याच्याजवळ हेर नसावेत काय? ज्याच्या आत शंभर योद्धे दडले आहेत असा बनावट हत्ती स्वतःच्याच भूमीत उभा असून त्याला पत्ता लागू नये? कातड्याचा हत्ती आणि रानातला खरा हत्ती यांतील भेद लहान मूलही ओळखील! आणि ज्यांचे भाऊ, पुत्र, बाप उदयनाच्या हातून मारले गेले असे अनेक संतापलेले सैनिक अरण्यात एकट्या सापडलेल्या त्या पुरुषाला ठार मारीत नाहीत, हे कसे? भामहाच्या डोळ्यांपुढे ‘प्रतिज्ञा’ नाटकच होते की मूळ कथेचे दुसरे एखादे रूप, याविषयी एकमत नाही. परंतु शंभर बंदुका रोखलेल्या असताना नायकाला एकही गोळी का लागत नाही, हा आजच्या साहसपटाच्या प्रेक्षकाचा प्रश्न किमान तेराशे वर्षांचा जुना आहे एवढे खरे.

मात्र प्रेक्षागृहात सारेच भामह नसतात. भरताच्या नाट्यशास्त्राने सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाची, म्हणजे सिद्धीची, लक्षणे सांगताना प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची मोठी मार्मिक वर्गवारी केली आहे. कोठे स्मित, कोठे मोकळे हसू, कोठे ‘साधु’ किंवा ‘अहो’ असा उद्गार, करुण प्रसंगी ‘कष्टम्’. अंगावर रोमांच, जागेवरून उठून उभे राहणे, आणि भान हरपून वस्त्रे वा अंगठ्या नटाकडे फेकणे, ही सर्व मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह तुडुंब भरलेले असून जेथे शब्द नाही, क्षोभ नाही, ती मात्र दैवी सिद्धी. हेवा करणारे शेण, ढेकळे आणि मुंग्या फेकून प्रयोग हाणून पाडतात याचीही नोंद तेथे आहे. (मुंग्या जमवून आणण्याचे कष्ट घेणारा विरोधक आता दुर्मिळ झाला म्हणावयाचा!) तरुणांना शृंगार हवा, विरक्तांना मोक्षाची गोष्ट हवी, वृद्धांना धर्माख्यान हवे आणि शूरांना युद्ध हवे, असेही भरत सांगतो. लढाईच्या दृश्याचा कस ठरविण्यासाठी त्याने परीक्षकांत एक धनुर्धर बसविला आहे. एकाच नाटकावर परस्परविरुद्ध मते का पडतात याचे याहून सरळ स्पष्टीकरण सापडणे कठीण. प्रत्येकजण आपापले नाटक पाहून घरी जातो.

उत्तरभागाची अडचण वेगळी आहे. पूर्वभागात जे आश्चर्य होते ते आता माहितीचे झालेले असते. तोच हत्ती पुन्हा उभा केला तर प्रेक्षक जांभई देतो, आणि हत्ती काढूनच टाकला तर ‘आमचा हत्ती कोठे आहे?’ म्हणून विचारतो. 2003 साली आलेल्या ‘कोई मिल गया’ या चित्रपटाने परग्रहावरील ‘जादू’ला घरोघरच्या मुलांचा सवंगडी केले. 2006 सालच्या ‘क्रिश’मध्ये जादू कथेत परतला नाही, त्याने रोहितला दिलेली शक्ती रोहितच्या मुलात उतरली. शिवाय अपघातात मेला असे सर्वांनी मानलेला रोहित अखेरीस जिवंत सापडला. दक्षिणेत 2010 साली ‘एंदिरन’ आला. त्यात सुटे करून ठेवलेल्या चिट्टी या यंत्रमानवाला ‘2.0’मध्ये 2018 साली पुन्हा जोडण्यात आले. दृश्ये थक्क करणारी आहेत पण कथा विरळ आहे, असा या दुसऱ्या चित्रपटावर पुष्कळांचा शेरा पडला. भ्रमणध्वनीच्या लहरींनी पक्षी मरतात ही त्यातील कल्पना अवैज्ञानिक आहे अशी तक्रार तर दूरध्वनी कंपन्यांच्या संघटनेने चित्रपट झळकण्यापूर्वीच केली. भामहाने निदान कथा समजून घेऊन आक्षेप घेतला होता.

याउलट 1991 सालच्या ‘टर्मिनेटर 2’ने पहिल्यावर मात केली असे मानणारे प्रेक्षक जगभर आहेत. 1984 च्या पहिल्या चित्रपटात ज्या यंत्रमानवाने स्त्रीचा जीव घेण्यासाठी पाठलाग केला, तसेच यंत्र, तोच चेहरा घेऊन, आता तिच्या मुलाचा रक्षक म्हणून आले. त्या चेहऱ्याला पाहून आईचे पाय लटपटतात. प्रेक्षकालाही तिच्या भीतीचे कारण ठाऊक असते. प्रेक्षकाने बरोबर आणलेली जुनी आठवण येथे दिग्दर्शकाने अडचण न मानता भांडवल मानली. वितळून पुन्हा उभा राहणारा धातूचा पुरुष हे त्यावरचे व्याज होते.

‘स्वप्नवासवदत्त’कर्त्याने हेच केले, आणि तेही यंत्रावाचून. पूर्वभागात उदयन आणि वासवदत्ता यांच्याविषयी सारे नाटक बोलत राहते. पण दोघेही रंगभूमीवर एकदाही येत नाहीत. उत्तरभागात ती येतात तेव्हा वासवदत्ता लावाणकाच्या आगीत जळाली असे जगाने मानलेले आहे. गमावलेले राज्य परत मिळविण्यासाठी मगधराजाशी सोयरीक हवी, म्हणून यौगंधरायणाने तिला मृत ठरवून, आवंतिका या नावाने, मगधाच्या राजकन्येपाशीच ठेव म्हणून ठेवले आहे. त्या पद्मावतीशी उदयनाचा विवाह ठरतो आणि लग्नाची माळ गुंफण्याचे काम आवंतिकेकडे येते. जिने या राजासाठी आईबापांचे घर सोडले, ती त्याच्या दुसऱ्या लग्नाची फुले ओवीत बसते. हे समजावून सांगायला नाटककाराला एक शब्दही खर्चावा लागत नाही. उज्जयिनीहून धावणारी ती हत्तीण प्रेक्षकाने आधीच पाहिलेली वा ऐकलेली असते. राज्य परत मिळवून देणारे युद्ध मात्र पडद्याआड होते. शूरांना युद्ध हवे असते हे नाटककाराला ठाऊक नव्हते असे नव्हे.

शेवटच्या अंकात उज्जयिनी स्वतःच येते. मुलगी पळून गेल्यावर आईबापांनी दोघांच्या चित्रांचेच लग्न लावून घेतले होते. मुलगी जळाली असे ऐकल्यावर ती चित्रे घेऊन उज्जयिनीची दाई जावयाच्या सांत्वनासाठी येते. चित्र पाहून पद्मावतीला आपल्याजवळच्या आवंतिकेची आठवण होते आणि उलगडा होतो.

या नाटकाविषयीचा रसिकांचा निवाडा राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात आला आहे. जाणकारांनी परीक्षेसाठी भासाची नाटके अग्नीत टाकली, तेव्हा स्वप्नवासवदत्ताला आग जाळू शकली नाही, असे तो सांगतो. नाटकाच्या नायिकेविषयीही नेमके तेच म्हणता येते, हा योगायोग कवीने साधला की साधून गेला, कोण जाणे.

उज्जैन येथे 1958 पासून कार्तिकात कालिदास समारोह भरतो आणि संस्कृत नाटकांचे प्रयोग होतात. स्वप्नवासवदत्ताच्या पाचव्या अंकात आजारी पद्मावती समजून वासवदत्ता शय्येवर टेकते. निजलेला राजा झोपेत तिचेच नाव घेतो. ती त्याचा खाली लोंबणारा हात उचलून हलकेच अंथरुणावर ठेवते आणि निघून जाते. तो दचकून उठतो, मागे धावतो आणि दारावर आपटतो. भरताने सांगितलेली निःशब्द सिद्धी कोठे मिळावयाचीच असेल तर ती येथे, ती हात उचलते त्या क्षणी.