रात्री दहानंतर माईक : नियम काय, गणित काय?

परीक्षेच्या दिवसांत बाहेर डीजे सुरू झाला की होस्टेलमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "दहा वाजले ना, मग बंद का नाही करत?" प्रश्न बरोबर आहे, पण नियमात नेमकं काय लिहिलंय ते फार थोड्यांना ठाऊक असतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहाला मात्र सूट. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही १२ वाजेपर्यंतच, सवलत देऊ शकतं. कॉलेजभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र असतात असं आपण समजतो, पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसं जाहीर करावं लागतं.

आता थोडं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. समजा, भोंग्यापासून १० मीटरवर ९५ डेसिबल आहेत. ते ४५ वर यायला अंतर सुमारे ३१६ पट हवं, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर! झाडं, घरं, वारा यांनी फरक पडतो, तरी अंदाज येतोच.

खरी पंचाईत आपल्या झाडीपट्टीची. चंद्रपूर-गडचिरोलीत दिवाळीनंतर गावोगावी मंडपात नाटकं रंगतात, ती पहाटेपर्यंत. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मंडप म्हणजे बंदिस्त सभागृह नव्हे. नियम अक्षरशः लावला तर नाटक रंगात येण्याआधीच पडदा पाडावा लागेल. आणि नियम सोडून द्यावा, तर गावातल्या आजारी माणसाने आणि दहावीच्या पोरांनी झोपायचं कधी?

मला वाटतं, इथे आपलं शिक्षण कामी यावं. खांबावर बाहेर तोंड केलेले भोंगे काढून प्रेक्षकांजवळ, आतल्या बाजूला तोंड करून छोटे बॉक्स लावले तर कमी आवाजातही संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. वेळेचा प्रश्न तरी उरतोच. तो डोळेझाक करून सुटणार नाही, सरकारने उघडपणे सोडवायला हवा.

आणि डीजेचं काय? ११२ वर फोन करा. तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तेव्हा घाबरू नका. फक्त आपल्या गॅदरिंगलाही हाच नियम लागू आहे, हे विसरू नका!